बागकामाची अवजारे बदलूनही हात पुन्हा पुन्हा दुखतो, तेव्हा

पावसाळा सरल्यावर गुलाबाची मोठी छाटणी होते, जास्वंदीचे आणि मधुमालतीचे वाढलेले फाटे काढले जातात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची पिशवी कापायला साधी कात्रीही धरवत नाही. गच्चीवर किंवा अंगणात बाग करणाऱ्या, विशेषतः पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांची ही तक्रार असते. चार दिवसांत हात मोकळा होतो आणि पुढच्या छाटणीला किंवा कुंड्यांची माती बदलताना तेच दुखणे परत येते. मग घरातले कोणीतरी 'एर्गोनॉमिक' असे छापलेली महागडी कात्री किंवा फुगीर मुठीचे खुरपे आणून देते. पहिले काही दिवस बरे वाटते, आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

असे होण्याचे मुख्य कारण असे की अवजार बदलले तरी हाताला दुखावणारी हालचाल बदललेली नसते. ज्याचा अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजला आहे आणि ज्याच्या बोटांना रात्री मुंग्या येतात, त्या दोघांना एकच कात्री उपयोगी पडेल असे नाही. एकाला उपकारक ठरणारे अवजार दुसऱ्याचे दुखणे वाढवूही शकते. म्हणून दुकानात जाण्याआधी आपला हात कोणत्या हालचालीला दुखतो हे शोधून काढावे.

दुखते नेमके कुठे

बागेत हातावर येणारा ताण ढोबळमानाने चार प्रकारचा असतो: चिमटीत धरण्याचा, मूठ आवळण्याचा, मनगट वाकवून किंवा पिळून जोर लावण्याचा, आणि बोटांवर वजन पेलण्याचा. कोणता ताण आपल्याला बाधतो हे दुखण्याच्या जागेवरून बरेचसे कळते.

अंगठ्याच्या बुडाशी, म्हणजे अंगठा मनगटाला मिळतो त्या उंचवट्यात दुखत असेल, आणि बरणीचे झाकण उघडताना किंवा कुलपात किल्ली फिरवतानाही तीच कळ येत असेल, तर चिमटीवर संशय घ्यावा. अंगठ्याच्या टोकाशी लावलेला जोर बुडाच्या सांध्यावर सुमारे बारापट होऊन पोहोचतो. एक किलोच्या जोराने तण उपटले तर त्या लहानशा सांध्याला जवळजवळ बारा किलोचा दाब सोसावा लागतो. त्यामुळे कुंडीतले इवलेसे गवत उपटणे, सुकलेली फुले नखाने खुडणे, सुतळीच्या गाठी मारणे ही वरवर हलकी वाटणारी कामे या सांध्याला फावड्यापेक्षा जड जातात.

मनगटाच्या अंगठ्याकडील कडेला दुखत असेल, आणि अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे झुकवल्यावर कळ उठत असेल, तर अंगठा उचलणाऱ्या स्नायुबंधांच्या आवरणाला सूज आलेली असू शकते. डॉक्टर त्याला 'डी क्वेरवेन' म्हणतात. दोन्ही अंगठे वर ठेवून कुंडी उचलणे आणि भरलेली झारी एका हाताने तिरपी करणे या दोन कामांनी हे दुखणे हटकून बळावते.

अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील, रात्री जाग येऊन हात झटकावासा वाटत असेल, तर मनगटातून जाणारी नस दाबली जात असण्याची शक्यता मोठी असते. हाच कार्पल टनेलचा त्रास. तिथे वाकलेले मनगट, सतत आवळलेली मूठ, तळहाताच्या मध्यावर रुतणारे मुठीचे टोक आणि गवत कापण्याच्या यंत्राची थरथर या गोष्टी टाळाव्या लागतात. बोट मिटल्यावर अडकून मग खटकन उघडत असेल, तर अवजाराची कठीण मूठ बोटाच्या बुडाशी तळहाताला कुठे टोचते ते पाहावे. मधुमेह असलेल्यांमध्ये बोट अडकणे आणि मनगटातील नस दबणे हे दोन्ही त्रास अधिक आढळतात, तेव्हा साखर तपासून घेणे हाही या दुखण्याच्या शोधाचाच भाग आहे.

काही दुखण्यांचा अवजाराशी संबंध नसतो. दोन्ही हातांचे सांधे सुजतात, सकाळी उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त वेळ बोटे आखडलेली राहतात, बागकाम केले नाही तरीही दुखते, अशी लक्षणे आमवाताची असू शकतात आणि त्यावर लवकर औषधोपचार सुरू होणे फार महत्त्वाचे असते. चिकुनगुनिया होऊन गेल्यावर सांधे कित्येक महिने दुखत राहतात, हे महाराष्ट्रातल्या अनेक घरांना माहीत आहे. अशा काळात जोराची कामे सरळ बाजूला ठेवावीत. हातातून वस्तू निसटू लागणे, बधिरपणा कायम राहणे, सांधा लाल व गरम होणे, किंवा गुलाबाचा, बोगनवेलीचा, खजुरीचा काटा बोचल्यानंतर बोट सुजत जाणे, यांपैकी काहीही असेल तर हा मजकूर वाचत न बसता डॉक्टरांकडे जावे.

एक सोपा निकष सर्वांनी पाळण्यासारखा आहे. काम संपल्यावर दोन तासांनीही दुखणे कामापूर्वीपेक्षा जास्त असेल, तर त्या दिवशी हाताच्या कुवतीपेक्षा जास्त काम झाले असे समजावे. कोणत्या कामानंतर असे होते याची आठवडाभर नोंद ठेवली, तर दोषी हालचाल बहुधा आपोआप सापडते. नोंद लांबलचक नसावी. 'मोगऱ्याची छाटणी, अंगठा' एवढे कॅलेंडरवर लिहिले तरी पुरते.

सिकेटर: आधी धार, मग खरेदी

छाटणीच्या कात्रीला आपल्याकडे माळ्यांपासून द्राक्षबागाइतदारांपर्यंत सगळे सिकेटरच म्हणतात. हात दुखण्याच्या तक्रारींत पहिला संशय याच अवजारावर घ्यावा, आणि त्यातही आधी धारेवर. नवे सिकेटर घेण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला माझा आग्रह असतो की जुने एकदा नीट तपासा.

वर्तमानपत्राचा एक कागद घ्यावा आणि सिकेटरच्या टोकाने तो कापून पाहावा. कागद स्वच्छ कापला गेला तर धार ठीक आहे. कागद पात्यांमध्ये दुमडून अडकला तर पाते बोथट आहे किंवा दोन पात्यांमध्ये फट पडली आहे. अशा सिकेटरने फांदी कापली जात नाही, चेंगरली जाते, आणि चेंगरण्यासाठी लागणारा सगळा जास्तीचा जोर बोटांनी पुरवायचा असतो.

पाते उजेडात धरून पाहिले तर त्यावर तपकिरी-काळपट थर दिसतो. तो चाफ्याचा, रबराच्या झाडाचा, आंब्याचा वाळलेला चीक असतो, त्यात बारीक माती बसलेली असते आणि दोन पाती जोडणाऱ्या खिळ्याजवळ तो सर्वांत जाड असतो. या थरामुळे सिकेटर मिटताना जड जाते आणि पूर्ण उघडतही नाही. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या फडक्याने चीक मऊ करून भांड्याच्या घासणीने काढावा, पाते कोरडे करावे आणि खिळ्यात शिवणयंत्राच्या तेलाचे एक-दोन थेंब सोडावेत. खाद्यतेल वापरू नये, कारण ते काही आठवड्यांत चिकट होते आणि पुन्हा माती धरते. खिळ्याची चाकी फार आवळलेली असेल तर सिकेटर कोरडे असल्यासारखे अडते, आणि सैल असेल तर पाती एकमेकांपासून दूर सरकून सालीचे धागे मध्ये अडकतात. पाती डुगडुगणार नाहीत पण सहज फिरतील, इतकीच चाकी आवळावी.

धार लावताना एक गोष्ट कटाक्षाने सांभाळावी. ज्या सिकेटरची दोन पाती कात्रीसारखी एकमेकांशेजारून जातात, त्या बायपास प्रकारात कापणाऱ्या पात्याला एकाच बाजूने उतार असतो. फक्त त्या बाजूला, आहे त्याच कोनात दगड किंवा बारीक कानस फिरवावी, आणि सपाट बाजूवर दगड आडवा ठेवून एकदाच हलका हात फिरवून वर आलेली कोर काढावी. सायकलवर चाक घेऊन येणाऱ्या धारवाल्याकडे सिकेटर देणार असाल तर हे त्याला आधी सांगावे. सुरीसारखी दोन्ही बाजूंनी धार लावली की दोन पात्यांमध्ये कायमची फट पडते आणि ते सिकेटर नंतर कितीही घासले तरी नीट कापत नाही.

धार चांगली असूनही दुखते, तेव्हा फांदी पात्यात कुठे धरली जाते ते पाहावे. टोकाशी धरलेल्या फांदीला खिळ्याजवळ धरलेल्या फांदीपेक्षा कितीतरी जास्त जोर लागतो, म्हणून फांदी जेवढी आत सरकेल तेवढी सरकवून मगच मूठ मिटावी. पेन्सिलीइतक्या जाडीपर्यंत सिकेटर वापरावे. करंगळीपेक्षा जाड फांदी आली की हात दुखणाऱ्याने ते खाली ठेवावे, मग खोक्यावर २० मिलिमीटरची क्षमता छापलेली का असेना, कारण ती क्षमता धडधाकट हाताच्या हिशेबाने दिलेली असते. अशा फांदीसाठी लांब दांड्यांची दोन हातांची कात्री, म्हणजे लॉपर, घ्यावी किंवा ओढताना कापणारी छाटणीची करवत. करवत मला सर्वांत कमी वापरली जाणारी आणि सर्वांत उपयोगी वस्तू वाटते. तिला धरण्यापुरतीच मूठ लागते, जोर खांदा आणि कोपर देतात आणि मनगट सरळ राहते. घडीची करवत मात्र टाळावी, कारण तिची कळ अंगठ्यानेच दाबावी लागते. म्यानात बसणारी सलग करवत बरी.

आता नव्या सिकेटरविषयी. दुकानात ते पूर्ण उघडून, जिथे आपली मधली बोटे येतात तिथे दोन मुठींमधले अंतर पट्टीने मोजावे. ते ९ सेंटिमीटरपेक्षा जास्त असू नये आणि लहान हातांना ७ सेंटिमीटरच्या आसपास असलेले सोयीचे. जास्त उघडणारे सिकेटर मिटायला बोटांच्या टोकांनी सुरुवात करावी लागते, आणि तिथे बोटांचा जोर सर्वांत कमी असतो. काहींना कमी-जास्त उघडण्याचे दोन टप्पे असतात, ती निवड चांगली. स्प्रिंग फार कडक नसावी. बंद करण्याची कळ कुठे आहे तेही पाहावे. ती अंगठ्याने जोर लावून सरकवावी लागत असेल, तर अंगठ्याच्या सांध्याचे दुखणे असलेल्याने ते सिकेटर परत ठेवावे. मुठींच्या तळाशी असलेली, दुसऱ्या हाताने सोडता येणारी कळ अधिक चांगली.

रॅचेट पद्धतीच्या सिकेटरची शिफारस सरसकट केली जाते आणि ती मला पटत नाही. त्यात एक फांदी तीन-चार टप्प्यांत कापली जाते. थोडे मिटायचे, सोडायचे, पुन्हा मिटायचे. दर वेळी जोर कमी लागतो, पण मूठ मिटण्याची संख्या तिप्पट-चौपट होते. ज्याच्या हातात जोरच उरलेला नाही त्याला हे वरदान आहे. ज्याचे बोट अडकते किंवा ज्याची मनगटातली नस दबते, त्याला पुन्हा पुन्हा मिटण्यानेच त्रास होतो, आणि त्याने धारदार बायपास वापरून फक्त बारीक फांद्या कापणे चांगले. शिवाय रॅचेटची पाती बहुधा एका पात्याने दुसऱ्या सपाट पट्टीवर दाबून कापणारी, म्हणजे अॅनव्हिल प्रकारची असतात. ती वाळलेल्या लाकडाला उत्तम, पण गुलाबाच्या हिरव्या फांदीला चेंगरतात. स्वित्झर्लंडच्या फेल्को कंपनीच्या ७ क्रमांकाच्या सिकेटरची एक मूठ मिटताना बोटांबरोबर फिरते, त्यामुळे बोटांवरचे घर्षण कमी होते. तीच कंपनी ६ क्रमांकाचे लहान हातांसाठी आणि ९ क्रमांकाचे डावखुऱ्यांसाठी बनवते. डावखुऱ्या माणसाने उजव्या हाताचे सिकेटर वापरले तर कापाची जागा दिसावी म्हणून त्याला मनगट वाकडे करावे लागते, आणि कित्येकांच्या मनगटाच्या दुखण्याचे मूळ तिथेच असते.

बॅटरीवर चालणारी सिकेटर आता सहज मिळतात. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांत एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी दिवसदिवसभर चालते, तशा कामाला त्यांचा फार उपयोग आहे. घरच्या बागेसाठी घेताना वजन हातात घेऊन पाहावे, कारण बॅटरीसकट ते पाऊण-एक किलोपर्यंत जाते आणि मनगट दुखणाऱ्याला तेच बाधते. ज्याच्या बोटांत बधिरपणा आहे त्याने हे यंत्र वापरूच नये. ते फांदी आणि बोट यांत फरक करत नाही.

मुठीची जाडी दोऱ्याने मोजावी

बाजारातल्या बहुतेक खुरप्यांच्या मुठी बारीक असतात. बारीक मूठ धरण्यासाठी बोटे जास्त मिटावी लागतात, आणि सुजलेली किंवा आखडलेली बोटे तेवढी मिटतच नाहीत, म्हणून माणूस नकळत अधिक आवळतो. मुठीभोवती दोरा गुंडाळून घेर मोजावा. तो १० ते १२ सेंटिमीटर, म्हणजे व्यास साधारण ३२ ते ३८ मिलिमीटर, असावा. बोटे पूर्ण मिटत नसतील तर घेर १४ सेंटिमीटरपर्यंत वाढवावा, त्यापुढे मात्र नको, कारण फार जाड मूठही निसटू नये म्हणून आवळावी लागते. मुठीची लांबी तळहातापेक्षा थोडी जास्त, १२ ते १५ सेंटिमीटर असावी, म्हणजे तिचे टोक तळहाताच्या मध्यावर रुतत नाही.

यासाठी नवे खुरपे घेण्याची गरज नाही. एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात ती काळी रबरी फोमची नळी वातानुकूलनाचे सामान विकणाऱ्या दुकानात मिळते. ९ मिलिमीटर जाडीची नळी मुठीच्या लांबीइतकी कापून चढवावी. ती पाणी शोषत नाही, हा तिचा मोठा गुण. मात्र नुसता फोम पुरत नाही, कारण तो मुठीभोवती फिरतो आणि तो फिरू नये म्हणून हात पुन्हा आवळतो. म्हणून आधी लाकडी मुठीवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळावी, त्यावर फोम घट्ट बसवावा आणि सर्वांत वर क्रिकेटच्या बॅटची रबरी ग्रिप चढवावी. खेळाच्या दुकानात बॅटवर ग्रिप चढवण्याचा शंकू असतो आणि खुरपे नेले तर तेथेच चढवून मिळते. एका ग्रिपमध्ये दोन खुरप्यांच्या मुठी होतात. ग्रिपवरच्या आडव्या रेघांमुळे घामट, चिखलाच्या हातातूनही खुरपे निसटत नाही, आणि जोर आवळण्यात न जाता मातीत जातो. भडक रंगाची ग्रिप घेतली तर पाल्यात पडलेले खुरपे शोधत बसावे लागत नाही.

मुठीचा कोनही पाहावा. आपल्याकडचे पारंपरिक खुरपे पाते आणि मूठ यांच्यामध्ये वाकवलेले असते, त्यामुळे उकिडवे बसून काम करताना मनगट बरेचसे सरळ राहते. तेच खुरपे कमरेइतक्या उंचीच्या कुंडीत वापरले की मनगट करंगळीकडे झुकते. तिथे ते कट्यारीसारखे, पाते खाली आणि अंगठा वर असे धरून सरळ खाली दाबावे. ब्रिटनमध्ये पेटा कंपनीची इझी-ग्रिप नावाची अवजारे मिळतात. त्यांची मूठ पात्याला काटकोनात उभी असते आणि कोपर आणि मनगट यांमधल्या हाताला आधार देणारा पट्टाही जोडता येतो, त्यामुळे मनगटावरचा भार कोपराजवळ जातो. परदेशातून कोणी येणार असेल तर मागवण्यासारखी वस्तू आहे. नाहीतर वेल्डिंगवाल्याकडून आपल्या खुरप्याला उभी मूठ जोडून घेता येते. चित्र काढून न देता प्रत्यक्ष हात धरून दाखवावा, म्हणजे त्याला उंची नेमकी कळते. अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांनी आर्थ्रायटिस फाउंडेशनचे वापरसुलभतेचे प्रमाणपत्र असलेली अवजारे शोधावीत. 'एर्गोनॉमिक' हा शब्द कोणीही छापू शकतो, हे प्रमाणपत्र चाचणीनंतरच मिळते.

हातमोज्यांबद्दल थोडक्यात. जाड चामड्याच्या किंवा ढगळ हातमोज्यांमुळे पकड कमी होते आणि जोर वाढतो. तळव्याला नायट्राइलचा लेप असलेले, हाताला घट्ट बसणारे विणलेले हातमोजे घ्यावेत. काटेरी झाडांपुरते जाड मोजे वेगळे ठेवावेत.

माती कडक असेल तर अवजार काय करणार

पुष्कळदा खुरपे, मूठ, हात सगळे ठीक असते आणि दोष मातीत असतो. काळी माती वाळली की दगडासारखी होते, आणि ओली असताना पात्याला चिकटून बसते. शेतकरी वाफसा येण्याची वाट पाहतो. बागेतही तोच नियम लावावा. आदल्या संध्याकाळी पाणी द्यावे आणि दुसऱ्या दिवशी, मुठीत दाबल्यावर गोळा होईल पण बोटाने टोचताच फुटेल अशी माती झाली, की मगच खुरपणी करावी. वाफशावर केलेल्या आणि कोरड्या मातीत केलेल्या खुरपणीत किती फरक आहे ते मनगट लगेच सांगते.

कुंड्यांसाठी तर कडक मातीची गरजच नाही. तळाच्या तिसऱ्या हिश्श्यात नारळाच्या शेंड्या, उसाची चिपाडे किंवा पालापाचोळा आणि वर कोकोपीट, कंपोस्ट व थोडी माती असे मिश्रण असेल, तर ते चमच्यानेही हलते आणि कुंडीचे वजनही उतरते. वर पाल्याचे दोन-तीन इंची आच्छादन ठेवले की तण कमी उगवते, आणि चिमटीचे काम त्याच प्रमाणात घटते.

तरीही लव्हाळा आणि हरळी येतातच. लव्हाळा चिमटीने उपटण्याचा काही उपयोग नाही, कारण वरची पात तुटून हातात येते आणि गाठी जमिनीत राहून पुन्हा फुटतात. म्हणजे सांधाही दुखावतो आणि तणही राहते. तिथे लांब, अरुंद दात्यांचा हातकाटा मुळांखाली घालून टेकूने उचलावा. अंगणाएवढी जागा असेल तर उभ्याने चालवायचे लांब दांड्याचे हात कोळपे वापरावे, ज्यात बोटांना फक्त दिशा द्यायची असते. उंच गवतासाठी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा वैभव विळा चांगला. वजनाला हलका आणि दातेरी पात्याचा असल्यामुळे तो ओढून कापतो, घाव घालावा लागत नाही, आणि घावाचा हिसका मनगटापर्यंत येत नाही.

पाणी, फवारणी आणि वजन

दहा लिटरची भरलेली झारी म्हणजे बोटांवर दहा किलोहून जास्त वजन, आणि ते तिरपे करताना सगळा ताण अंगठ्याकडच्या कडेवर. दोन लिटरच्या दोन झाऱ्या दोन हातांत घेणे किंवा मोठी झारी अर्धीच भरणे हा तात्पुरता उपाय झाला. रोज पाणी घालायचे असेल तर ठिबकच बसवावे. १६ मिलिमीटरची मुख्य नळी, त्यातून कुंड्यांना ४ मिलिमीटरच्या बारीक नळ्या आणि ताशी २ किंवा ४ लिटरचे ड्रिपर एवढ्यात गच्चीची बाग होते. बारीक नळी टोचून बसवण्याचे काम चिमटीचे आहे, ते मात्र दुसऱ्या कोणाकडून करून घ्यावे. नळीचे टोक गरम पाण्यात बुडवल्यास ती सहज बसते. पाइपला पिस्तुलासारखा घोडा असलेला फवारा लावला असेल तर पाणी देऊन होईपर्यंत तो दाबून धरावा लागतो. त्याऐवजी खटका एकदा सरकवून चालू राहणारा फवारा घ्यावा. बागेच्या नळाची गोल चावी बदलून पाव वळणाचा दांडीचा नळ बसवावा, म्हणजे तो तळहाताच्या कडेनेही उघडतो. कडुलिंबाच्या तेलाच्या फवारणीसाठी दर फवाऱ्याला बोट दाबावे लागणारी बाटली न वापरता आधी हवा भरून घेण्याचा पंप वापरावा.

बारा इंची कुंडी ओल्या मातीसकट सहज वीस किलोच्या आसपास जाते. ती उचलूच नये. चाके असलेल्या चौकटीवर ठेवून ढकलावी, आणि चाके नसतील तर जाड गोणपाटावर ओढावी. काम करण्याची कुंडी कोपराच्या थोडी खाली येईल अशा टेबलावर असावी.

एवढे करूनही दुखत असेल तर

सगळे बदल एकदम केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही. एका वेळी एकच बदल करावा आणि दोन तासांचा निकष लावून आठवडाभर पाहावे. अंगठा दुखणाऱ्याने चिमटीची कामे आधी बदलावीत. मुंग्या येणाऱ्याने मनगट सरळ ठेवण्याची सोय आधी करावी. एकच काम पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ सलग करू नये. छाटणी थांबवून पाइपने पाणी घालावे, मग पाला गोळा करावा, म्हणजे हाताची पकड बदलत राहते. गुलाबाची मोठी छाटणी एका रविवारात उरकण्याचा हट्ट सोडून ती चार-पाच दिवसांत विभागली तरी झाडांचे काही बिघडत नाही.

यानंतरही दुखणे परतत असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे जावे. हात कामाला कसा लावायचा, हेच त्यांचे शास्त्र आहे. या शिक्षणाची भारतातली सुरुवातच मुंबईत झाली. कमला निंबकर यांनी १९५० मध्ये केईएम रुग्णालयात देशातली पहिली ऑक्युपेशनल थेरपी शाळा सुरू केली. आजही मुंबईतील मोठ्या सरकारी आणि महापालिका रुग्णालयांत, हाजी अलीच्या भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ही सेवा मिळते. हे थेरपिस्ट अंगठ्याच्या मापाचा पट्टा बनवून देतात, जो बुडाचा सांधा स्थिर ठेवतो आणि बोटे मोकळी ठेवतो. औषधाच्या दुकानात मिळणारा तयार पट्टा बहुधा मनगटही जखडतो आणि बागेत अडचणीचा होतो. तपासणीला जाताना आपले सिकेटर, पात्यावर कागद गुंडाळून, आणि रोजचे खुरपे पिशवीत घालून न्यावे, कॅलेंडरवरच्या नोंदी दाखवाव्यात, आणि फांदी आपण कशी कापतो ते त्यांच्यासमोर करून दाखवावे.